सुपरहिरोइन चालत नाही, हे ठरवलं कोणी?

‘नायिका सुपरहिरो असली की चित्रपट आपटतो’ हे हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं नियमासारखं सांगितलं गेलं. पुराव्याला तीन ठरलेली नावं: ‘सुपरगर्ल’ (१९८४), ‘कॅटवुमन’ (२००४) आणि ‘इलेक्ट्रा’ (२००५). मार्व्हल एंटरटेनमेंटचे तेव्हाचे प्रमुख आयझॅक पर्लमटर यांनी २०१४ मध्ये सोनीच्या प्रमुखांना पाठवलेल्या आणि पुढे फुटलेल्या ईमेलमध्येही हीच यादी होती.

आता ही उदाहरणं नीट पाहा. ‘कॅटवुमन’मध्ये बॅटमॅन कॉमिक्समधली मूळ कॅटवुमन, सेलिना काइलच नाही. बॅटमॅनचं जग काढून टाकलं, नवंच पात्र घेतलं, पटकथा विस्कळीत. हा चित्रपट कोणत्याही नायकाला घेऊन केला असता तरी बुडालाच असता. ‘ग्रीन लँटर्न’ (२०११) बुडाला तेव्हा ‘पुरुष सुपरहिरो चालत नाहीत’ असा निष्कर्ष कोणी काढला? नाही ना!

वंडर वुमन कॉमिक्समध्ये आली १९४१ मध्ये. चित्रपटगृहात तिचा स्वतंत्र चित्रपट यायला २०१७ उजाडलं. त्याने जगभरात ८० कोटी डॉलरहून अधिक कमावले. ‘कॅप्टन मार्व्हल’ने २०१९ मध्ये १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. म्हणजे प्रेक्षक होतेच, चित्रपटच येत नव्हते.

तीन नायिकांचा ‘द मार्व्हल्स’ २०२३ मध्ये आपटला आणि जुनं वाक्य पुन्हा फिरू लागलं. त्याच वर्षी ‘द फ्लॅश’ आणि दुसरा ‘शझॅम’ही आपटले, आणि दोन्हींत नायक पुरुषच होते.