मायरा म्हणजे लक्ष्मी? कुणी सांगितलं?

बारसं ठरलं की फॅमिली ग्रुपवर ती लिस्ट येतेच, "मायरा म्हणजे लक्ष्मी, कियारा म्हणजे संस्कृतमध्ये तेज, अनाया म्हणजे देवाची कृपा", आणि वर्षानुवर्षं लोक ती डोळे मिटून फॉरवर्ड करतायत.

तर मायरा संस्कृत नाहीच, हे नाव 17व्या शतकात छापलेल्या इंग्रजी कवितांमधून आलंय. राजस्थानात मात्र मायरा म्हणजे लग्नात मामाकडून येणारा आहेर, तिकडच्या आजीला सांगून बघा, हसेल बिचारी. कियारा इटालियन क्यारावरनं, मूळ लॅटिन क्लारा, म्हणजे तेजाचा अर्थ बरोबर आहे पण संस्कृतचा शिक्का उगाच मारलाय, आणि गंमत म्हणजे जवळपास तशाच स्पेलिंगच्या आयरिश नावाचा अर्थ काळी-सावळी असा होतो. अनाया बहुतेक अरबी इनायाचं रूप, अर्थ काळजी, आस्था. संस्कृतात शोधायला जाल तर सापडतो 'अनय', म्हणजे अनीती, वाईट वागणूक (आपल्याकडे राधेच्या नवऱ्याचं नाव पण अनय सांगतात, ते वेगळं).

अरबी किंवा इटालियन नाव ठेवण्यात काहीच वाईट नाही हो, छान नावं आहेत. चिडचिड होते ती खोट्या अर्थाची. बेबी नेम साइटवाले एकमेकांचं कॉपी करतात, शब्दकोश कुणी उघडत नाही. आपट्यांचा 1890चा संस्कृत-इंग्रजी कोश नेटवर फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, पत्रिका छापायच्या आधी तेवढं बघा.