ता थेई थेई तत, पण कुठला पाय?

कथक शिकणाऱ्याची वही उघडून पाहा. ‘ता थेई थेई तत’सारखे बोल असतात, मात्रांचे आकडे असतात, भातखंडे लेखनपद्धतीप्रमाणे समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) फुली आणि खालीचं (टाळी नसलेल्या मात्रेचं) शून्यही असतं. शरीर मात्र कुठेच नसतं. हात कुठून निघाला, मान कधी वळली, हे गुरूंकडे बघूनच उचलायचं.

नाचात हात, पाय, धड, मान एकाच वेळी हलतात, तेही लांबी, रुंदी आणि उंचीत. कागद पडला सपाट. मग नाच कागदावर लिहिताना काहीतरी सोडावंच लागतं.

चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये शरीरच सोडलं गेलं. राऊल ओजे फय्येने 1700 साली पॅरिसमध्ये छापलेल्या नृत्यलेखनाच्या पद्धतीत वरून पाहिलेली जमीन आहे. तिच्यावर नर्तकाची वळणदार वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना पावलांची चिन्हं आणि संगीताचे खंड दाखवणाऱ्या आडव्या रेघा. पानं थेट रांगोळीसारखी दिसतात! हातांसाठीही चिन्हं होती, पण ती क्वचितच लिहिली जात. दरबारी नाचात जमिनीवरच्या आकृतीला मोठा मान होता, हे त्यातून कळतं.

नृत्यकार रुडॉल्फ लाबानने 1928 मध्ये मांडलेल्या नृत्यलिपीत माणूस परत आला. तीन उभ्या रेषा. मधली म्हणजे जणू शरीराचा मध्य. तिला लागून पायांवरचा भार, बाहेरच्या रकान्यांत हात. वाचायचं खालून वर. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, आतलं भरण पातळी सांगतं: काळं म्हणजे खाली, ठिपका म्हणजे मध्यम, तिरप्या रेघा म्हणजे वर. मला सगळ्यात आवडते ती काळाची सोय. हालचाल जितका वेळ चालते तितकं चिन्ह लांब. वेगळा आकडा लिहायला नको.

याच लिपीतल्या प्रतीवर नृत्यदिग्दर्शिका हान्या होल्मने ‘किस मी, केट’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकातल्या आपल्या नृत्यांचा कॉपीराइट 1952 साली अमेरिकेत नोंदवला.

आता आपला तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं मूळ काम, घ्या. ‘ता थेई थेई तत’ला उजवा, डावा, उजवा, डावा. ‘आ थेई थेई तत’ला डाव्यापासून सुरुवात. म्हणजे ‘तत’ आणि ‘आ’ला लागोपाठ डावाच पाय, आणि नवशिका हमखास चुकतो तो इथेच. वहीत ते फक्त दोन बोल असतात. लाबानच्या पानावर मधल्या रेषेच्या डावीकडे एकावर एक दोन चिन्हं दिसतील.