इंग्रजी वाक्यबंध, गोव्यातील

गोव्यातील मराठी भाषकांच्या रोजच्या इंग्रजी बोलण्यात आढळणारी वाक्यांची घडण. व्याकरणकारांनी इंग्रजी वाक्यबंधांची संख्या निरनिराळी दिली आहे. सी. टी. अनियन्स यांनी १९०४ मध्ये ५ प्रकार मानले, ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ मध्ये क्रियापदांचे २५ बंध दिले, तर रँडॉल्फ क्वर्क व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ७ मूलभूत प्रकार धरले. कर्ता–क्रियापद–कर्म हा क्रम सर्वांनाच पायाभूत वाटतो. बोलताना मात्र पूर्ण वाक्य पुष्कळदा येतच नाही, ‘कमिंग?’, ‘चेंज नो’ एवढ्यावर बसमधला व्यवहार पुरा होतो.

१९६१ पर्यंत गोव्यात राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज होती. इंग्रजी आली ती मुख्यतः मुंबईला नोकरीधंद्यासाठी जाणाऱ्यांमार्फत व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघालेल्या इंग्रजी शाळांमार्फत. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतील मराठी कुटुंबांत तिचा सर्रास वापर साधारणतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानावा लागतो. मुक्तीनंतर मराठी प्राथमिक शाळा वाढल्या आणि पुढच्या इयत्तांत इंग्रजी आली; त्यामुळे मराठीची वाक्यरचना आधी पक्की झालेली असे.

बँकेच्या खिडकीवर ऐकू येईल असे एक वाक्य पाहू : ‘फॉर्म आय गेव्ह येस्टरडे ओन्ली, नो?’ म्हणजे, फॉर्म मी कालच दिला ना? ज्याविषयी बोलायचे ते कर्म आधी आले. ‘च’ हे अव्यय ज्या शब्दाला चिकटते त्याच्याच मागे ‘ओन्ली’ बसले. शेवटचा ‘नो’ कर्ता वा काळ कोणताही असो, बदलत नाही. प्रमाण इंग्रजीत येथे ‘डिडन्ट आय’ लागले असते. क्रियापद मात्र इंग्रजी क्रमानुसार मध्येच राहिले, मराठीप्रमाणे शेवटी गेले नाही. म्हणजे इंग्रजीचा सांगाडा शाबूत आहे. वाक्यातला भर व समोरच्याची संमती मागण्याची रीत तेवढी मराठीची.

या ‘नो’च्या उगमाविषयी मतभेद आहे. काहींच्या मते तो पोर्तुगीज ‘नाँव ए?’ या प्रश्नपुच्छाचा (वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नाचा) अवशेष होय. गोव्यातील ख्रिस्ती घरांतील जुन्या पिढीच्या बोलण्यापुरते हे शक्य आहे. तथापि पोर्तुगीजांचा संबंध न आलेल्या प्रदेशांतील भारतीय इंग्रजीतही असाच ‘नो’ आढळतो, आणि मराठी ‘ना’ व कोंकणी ‘न्ही’ हेच काम करतात. म्हणून देशी भाषांचा उगम अधिक ग्राह्य वाटतो. ‘ओन्ली’चा उलगडा तर पोर्तुगीजमधून होतच नाही, मराठी व कोंकणी या दोन्हींतील ‘च’ त्याला पुरेसा आहे. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ यातील न उलटलेला क्रमही असाच समजावा. ‘कुठे चाललास?’ म्हणताना मराठीत प्रश्नासाठी शब्दक्रम बदलावा लागत नाही.

अशा रचनांना सरसकट चुका म्हणणे योग्य नाही. त्या नियमबद्ध आहेत, आणि शिक्षकाने मराठी वाक्य शेजारी ठेवून फरक दाखवला तर विद्यार्थ्याला प्रमाण रूपही लवकर उमगते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण मराठीत रचले, पण त्यांचे कोंकणी व्याकरण (१६४०) लॅटिनच्या साच्यावर बेतले होते. एका भाषेचे माप दुसरीला लावण्याची सवय गोव्यात अशी जुनी आहे.

मराठी वाक्यात इंग्रजी क्रियापदे ‘करणे’ जोडून येतात (‘फॉर्म सबमिट केला’). तेथे क्रम पूर्णपणे मराठीच राहतो. लेखी अर्जांत ‘आय बेग टू स्टेट दॅट’सारखे ब्रिटिश अमलातील ठोकळेबाज बंध अजून दिसतात.