निळा फलक (लंडन)

नामवंत व्यक्ती जिथे राहून गेली त्या घराच्या दर्शनी भिंतीत बसवलेला गोल, निळा, भट्टीत भाजलेला स्मृतिफलक. नाव, जन्ममृत्यूची वर्षे, दोन-चार शब्दांत ओळख आणि ‘येथे राहत होते’, एवढाच मजकूर. लंडनमध्ये असे हजारावर फलक असून त्यांत लेखक-कवींचा भरणा मोठा आहे.

खासदार विल्यम एवर्ट यांनी १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेत ही कल्पना मांडली. सोसायटी ऑफ आर्ट्सने ती उचलून धरली आणि १८६७ मध्ये कवी लॉर्ड बायरनच्या जन्मघरावर पहिला फलक लावला. १८८९ मध्ये ते घरच पाडले गेले. १९८६ पासून योजना इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

फलकाचा व्यास ४९.५ सेंमी. असतो. पृष्ठभाग किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे पावसाने तो आपोआप धुतला जातो. व्यक्तीच्या निधनाला २० वर्षे झालेली हवीत, मूळ वास्तू उभी हवी आणि मालकाची संमती हवी. मात्र फलकामुळे वास्तूला कायद्याचे संरक्षण मिळत नाही. चार्ल्स डिकन्सच्या ४८, डाउटी स्ट्रीट या घरावर १९०३ मध्ये फलक लागला, तरी पुढे ते पाडण्याची वेळ आलीच. त्याच्या चाहत्यांच्या संस्थेने ते विकत घेतले, म्हणून १९२५ मध्ये तिथे संग्रहालय होऊ शकले.

आता एका व्यक्तीला एकच फलक मिळतो, त्यामुळे अनेक घरांतून नेमके कोणते निवडायचे हा खरा पेच. कवयित्री सिल्व्हिया प्लाथने १९६२ च्या अखेरीस २३, फिट्झरॉय रोड येथे जागा घेतली. तिथे कवी डब्ल्यू. बी. येट्सचा फलक होता आणि तो तिला शुभशकुन वाटला होता. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्याच घरात तिने आत्महत्या केली. अनेकांना तिचाही फलक तिथेच हवा होता. पण २००० मध्ये तो जवळच्या ३, चॅल्कट स्क्वेअर येथे लागला. तिथे तिचा संसार जास्त काळ होता, लेखनही अधिक झाले. ही निवड योग्यच म्हणावी लागेल. तिच्या फलकाच्या मजकुरात ‘राहत होत्या’ आहे, ‘वारल्या’ नव्हे.

१०, हाउली प्लेस या घरावर १९६१ पासून लोकमान्य टिळकांचा फलक आहे. १९१८-१९ मध्ये ते तिथे राहत. ‘भारतीय देशभक्त व तत्त्वज्ञ’ अशी ओळख त्यावर आहे. ‘केसरी’च्या संपादकाला त्यात जागा मिळालेली नाही.