बाहुलीच्या सुट्या भागांचे दागिने

तुटक्या किंवा टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाहुल्यांचे हात, बूट, डोळे, केस असे भाग सुटे करून त्यांपासून कानातली, पेंडंट, ब्रोच किंवा अंगठ्या बनवण्याची हस्तकला. तारकाम आणि ओवण्याचे काम जमणाऱ्याला यातले दागिन्याचे अंग अवघड नाही. काम फसते ते प्लास्टिकपाशी. एकाच बाहुलीत तीन-चार जातींचे प्लास्टिक असते, प्रत्येकाला वेगळे पाते, वेगळा गोंद आणि वेगळा रंग लागतो. त्यातले मऊ व्हिनाइल तर वर्षानुवर्षे आतून तेल सोडत राहते. या नोंदीत ठाणे-नवी मुंबईचे हवामान आणि इथे मिळणारा माल समोर धरला आहे.

पार्श्वभूमी

या कामात सर्वाधिक वापरली जाते ती फॅशन बाहुली. तिचे माप बार्बीने रूढ केले. मॅटेल कंपनीची ही बाहुली ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या व्यापारी प्रदर्शनात पहिल्यांदा आली. उंची साडेअकरा इंच, म्हणजे माणसाच्या साधारण एकषष्ठांश. या मापामुळे हाताचा पंजा जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो आणि कानात सहज शोभतो. अमेरिकी दागिनेकार मार्गो लँग यांनी बार्बीचे अवयव चांदी आणि रंगीत रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) बसवून ‘प्लास्टिक बॉडी सीरिज’ ही दागिन्यांची मालिका केली. जर्मनीच्या थुरिंजिया भागात जुन्या कारखान्यांच्या आवारात पुरलेले चिनीमातीच्या बाहुल्यांचे सदोष तुकडे खणून काढले जातात आणि तेही दागिन्यांसाठी विकले जातात. ते काम मात्र वेगळ्या जातीचे. चिनीमाती तडकते, पण चिकट होत नाही.

माल मिळवणे

इथे माल मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो: भंगारवाला, सोसायटीतली घरे आणि महापालिकांची ‘आरआरआर’ (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या स्वच्छता मोहिमेत अशी केंद्रे देशभर उघडली. नको असलेली खेळणी, कपडे, पुस्तके तिथे ठेवता येतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सगळ्यात जास्त बाहुल्या खाली येतात, त्यामुळे वर्षाचा साठा तेव्हाच करून ठेवावा. भंगारवाल्याला ‘बाहुल्या बाजूला ठेव’ एवढे सांगून भागत नाही. हातपाय निखळलेल्या बाहुल्या तो आधीच कचऱ्यात टाकतो, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

कड्या, हुक, फिरक्या, तार, रेशीम हे सामान ठाण्यात आणि वाशीत किरकोळीने मिळते. घाऊक हवे असेल तर मुंबईतले भुलेश्वर किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट गाठावी लागते.

प्लास्टिक ओळखणे

फॅशन बाहुलीचे धड बहुधा एबीएस या कडक प्लास्टिकचे असते. डोके मऊ, आतून पोकळ पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनाइलचे. हात पीव्हीसी किंवा ईव्हीए या मऊ प्लास्टिकचे. केस नायलॉन, सरान किंवा पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम धाग्यांचे. जत्रेत मिळणारी हलकी बाहुली हवा फुंकून घडवलेल्या पातळ पॉलिथिनची असते. ती मेणचट लागते, तिच्यावर ना गोंद बसतो ना रंग, आणि ड्रिल लावताच भोकाभोवती फाटते. तिच्यात वेळ घालवू नये. तिचे बूट तेवढे कधीकधी कामाला येतात.

ओळख पटत नसेल तर पाण्याची चाचणी करावी. भागाचा नखाएवढा, हवा न अडकलेला तुकडा कापून साध्या पाण्यात टाकावा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालावा, नाहीतर बुडणारा तुकडाही पृष्ठभागावर तरंगतो. तुकडा तरंगला तर तो पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन किंवा ईव्हीए. बुडाला तर दुसऱ्या पेल्यात २०० मिलिलिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात टाकावा. एबीएस या पाण्यात वर येते, पीव्हीसी सहसा तळाशी राहते. तुकडा जाळून वास घेण्याचा जुना उपाय इथे चालत नाही: पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि तो घसा व डोळे पोळतो. त्याच कारणाने तापवलेल्या सुईने किंवा सोल्डरिंगच्या कावियाने भोक पाडणे कटाक्षाने टाळावे. यूट्यूब पाहून सुरुवात करणारे सगळ्यात आधी हीच चूक करतात.

सुटे करणे आणि धुणे

कोरड्या बाहुलीचे डोके ओढले तर मान चिरते, कारण आत मानेच्या टोकाला रुंद बोंड असते. पाणी उकळून गॅस बंद करावा, ५ मिनिटे थांबावे आणि मग डोके २-३ मिनिटे बुडवून ठेवावे. व्हिनाइल मऊ झाले की डोके आडवे हलवत काढावे, सरळ ओढू नये. हातांनाही हीच रीत. वाकणाऱ्या पायाच्या आत प्लास्टिकचा किंवा धातूचा सांगाडा असतो. तो कटरने कापायला गेले की पाते उसळते आणि बोट कापते. पाय हवाच असेल तर गुडघ्याच्या बराच खाली, घोट्याजवळ कापावा.

डोके पाण्यात बुडवले की केसांच्या भोकांतून पाणी आत शिरते. मान खाली करून ते निदान एक रात्र निथळत ठेवावे, पावसाळ्यात दोन. काही डोक्यांत केस पक्के करायला आतून गोंद ओतलेला असतो. तो काळाने बाहेर झिरपतो आणि केस तेलकट होतात. साबणाने दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. अशा डोक्याचे केस वापरू नयेत.

धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, लावला की एबीएस आणि पीव्हीसी दोन्ही विरघळू लागतात, हाताच्या बोटांची ठेवण पुसून जाते. बॉलपेनच्या रेघा घासून जात नाहीत, कारण शाई व्हिनाइलच्या आत उतरलेली असते. मुरमांसाठीचे बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम डागावर जाड लावून, वर क्लिंग फिल्म गुंडाळून भाग उन्हात ठेवावा आणि रोज पाहावे. काही दिवसांत डाग फिका होतो. जास्त दिवस ठेवल्यास व्हिनाइलचाही रंग उडतो, म्हणून जोडीतला एकच हात या उपायाला लावू नये.

हातांच्या कानातल्यांची जोडी

नवशिक्याने याच दागिन्यापासून सुरुवात करावी. डावा-उजवा हात एकाच बाहुलीचा घ्यावा. दोन बाहुल्यांची कातडी दुरून सारखी दिसली तरी कानात शेजारी आली की फरक कळतो.

लागणारे सामान: ०.८ ते १ मिलिमीटर बिटाचे हातड्रिल, कटरचे नवे पाते, गोल तोंडाची आणि चपटी पक्कड, २२ गेज म्हणजे ०.६४ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार, ६ मिलिमीटरच्या दोन कड्या, स्टीलचे हुक, रेशीम.

हात गरम पाण्यात मऊ करून मनगटाच्या ८ ते १० मिलिमीटर वर एकाच दाबात कापावा. करवतीसारखे पाते चालवले की कड फाटकी राहते, आणि मऊ व्हिनाइल पॉलिश पेपरने घासले तर गुळगुळीत होण्याऐवजी त्याला लव सुटते. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून घासल्यास थोडे बरे जमते. कडक एबीएस मात्र पाण्यात भिजवून ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या पेपरने सुरेख घासले जाते. ओले घासल्याने भुकटी नाकात जात नाही.

कापलेल्या कडेपासून ३ मिलिमीटर खाली आरपार आडवे भोक पाडावे. २ मिलिमीटरपेक्षा जवळ पाडले तर कानातले ओढल्यावर व्हिनाइल चिरते. व्हिनाइल दबून पुन्हा फुगते, त्यामुळे भोक बिटापेक्षा बारीक होते. ०.८ चे बिट अडले तर १ चे घ्यावे. ८ सेंटिमीटर तार ओवून दोन्ही टोके वर वळवावीत, मध्ये त्रिकोण ठेवावा, एका टोकाचे दुसऱ्याभोवती अडीच वेढे घेऊन ते कापावे आणि उरलेल्या टोकाची फास-कडी वळवावी.

पुष्कळ जण हे टाळून कापलेल्या जागी स्क्रू-आय (डोक्याला कडी असलेला बारीक स्क्रू) खुपसतात आणि गोंद लावतात. पहिल्या दिवशी ते पक्के दिसते. काही आठवड्यांत व्हिनाइलमधले तेल गोंदाखाली येते, गोंद सैल पडतो, आणि लोकलच्या गर्दीत एक हात कुठेतरी पडून जातो. मऊ व्हिनाइलवर वजन गोंदाने नाही, तारेने पेलावे.

आता कड झाकायची. पटवेकरी (दागिने रेशमात गाठवणारे कारागीर) गोंडा बांधताना घेतात तसे रेशमाचे घट्ट वेढे कडेपासून ५-६ मिलिमीटरपर्यंत घ्यावेत, टोक वेढ्यांखालून ओढून कापावे आणि गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब द्यावा. भोकही झाकते, कडही. जरीची तार मोहाची असली तरी इथे नको. तिच्यात तांबे असू शकते, आणि तांबे व व्हिनाइल यांचे जमत नाही. जुन्या बार्बीच्या कानांभोवती तिच्या धातूच्या कर्णभूषणांमुळे हिरवा डाग पडतो, संग्राहक त्याला ‘हिरवा कान’ म्हणतात. पितळी तारेने तेच होते आणि तो डाग आत उतरत जातो. म्हणून वर स्टीलची तार सांगितली.

कडी उघडताना टोके पुढे-मागे वळवावीत. दोन्ही बाजूंना फाकवलेली कडी पुन्हा नीट मिटत नाही. कानातले तयार झाले की स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावे. हातांचे काही ग्रॅमच भरते. डोके वापरले तर एकदम जड होते, म्हणून डोके ब्रोचला किंवा पेंडंटला.

बुटांचे काम याहून सोपे: टाचेत भोक, त्यात कडी, झाले. खपही त्याचाच जास्त. डोक्यांकडे लोक पाहतात, हसतात आणि परत ठेवतात. उघडझाप करणारे डोळे अंगठीत सुंदर दिसतात, पण त्यांच्या मागे वजन असते. नव्या स्वस्त बाहुलीत ते लोखंडी आणि गंजणारे, जुन्यात शिशाचे असू शकते. जुना डोळा फोडू नये.

रंग, गोंद, रेझिन

स्प्रेचा इनॅमल रंग मऊ व्हिनाइलवर कधीच वाळत नाही. महिन्यानेही बोटाला चिकटतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग पातळ थरांत द्यावा, तोही शक्यतो कडक भागांवर. मऊ भाग आहे त्या रंगाचा ठेवणेच शहाणपणाचे.

फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद कडेला पांढरी राख सोडतो आणि वाकणाऱ्या भागावर तडकतो. एबीएसला दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद चांगला. दोन्ही समान घेऊन, जागा २२० नंबरच्या पेपरने खरखरीत करून लावावा. पोकळ भाग भरायला एम-सील चालते. पॉलिप्रॉपिलीनच्या केसांना कुठलाच घरगुती गोंद धरत नाही. त्यांची जुडी तारेने आवळावी आणि वर टोपी बसवावी.

रेझिनमध्ये भाग बसवण्याआधी त्यातली पोकळी बंद करावी, नाहीतर आतली हवा हळूहळू बुडबुडे सोडत राहते. रेझिन आणि हार्डनर (त्याला घट्ट करणारा द्रव) यांचे प्रमाण डबीवर असते, कुठे १:१, कुठे २:१. ते वजनाने की मापाने हेही तिथेच पाहावे. अंदाजाने ओतलेले रेझिन कायम चिकट राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही दुसरी अडचण. खाडीकाठच्या दमट हवेत इपॉक्सी रेझिनवर मेणासारखा पांढुरका थर येतो. तो पाण्यात सुटणारा असतो, त्यामुळे घट्ट झालेल्या तुकड्यावरून कोमट साबणाच्या पाण्याने निघतो. तो थर न काढता वर पुन्हा रेझिन ओतले तर ते सोलून येते. पावसाळ्यात रेझिन ओतायचेच तर एसीच्या बंद खोलीत ओतावे आणि २४ तास झाकून ठेवावे. नाहीतर त्या चार महिन्यांत तारकाम करावे.

सुरक्षितता आणि विक्री

भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या आणि बिनमार्क्याच्या बाहुल्यांत काय आहे याची खात्री नसते. व्हिनाइल मऊ करणारे थॅलेट आणि रंगातले शिसे ही त्यातली मुख्य शंका. म्हणून हे दागिने मोठ्यांसाठीच. ३ वर्षांखालच्या मुलाच्या घरात तर सुटा हात किंवा बूट घशात अडकण्याएवढाच असतो. कानात जाणारा हुक निकेलचा नसावा. सर्जिकल स्टीलचा किंवा चांदीचा द्यावा.

बेलापूरच्या अर्बन हाटसारख्या हस्तकला बाजारात किंवा सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात मांडताना पाटीवर ‘बार्बी’ लिहू नये. ते नोंदणीकृत नाव आहे. ‘जुन्या बाहुलीच्या भागांपासून’ एवढे पुरते.

तयार दागिना पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत देणे दिसायला छान, पण व्हिनाइलमधले तेल पॉलिस्टायरिनला मऊ करते आणि महिन्याभरात हात डबीला चिकटलेला मिळतो. सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात द्यावा. जुने व्हिनाइल हाताला चिकट लागू लागले तर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून वर कॉर्नफ्लोअर चोळावे. काही महिन्यांनी ते पुन्हा करावे लागते, आणि गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगावे.