पेन्शनीतील तोतयेगिरी आणि आयरिश कैद्यांची हद्दपारी

मेलेल्या सैनिकाच्या नावावर त्याची पेन्शन उचलणे, त्यासाठी खोटे प्रतिज्ञापत्र करणे किंवा तोतया उभा करणे, अशा गुन्ह्यांसाठी एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील काही कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. १७९१ साली कॉर्कहून निघालेले ‘क्वीन’ जहाज सिडनीला लागले, तेव्हापासून १८६८ पर्यंत सुमारे ४० हजार आयरिश कैदी ऑस्ट्रेलियात गेले. त्यांतले बहुतेक चोरीच्या गुन्ह्यातले. पेन्शनीची प्रकरणे थोडी, पण त्या काळचे दारिद्र्य आणि सरकारी कागद यांची गाठ त्यांत स्पष्ट दिसते.

१८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातील शिपायांपैकी सुमारे ४२ टक्के आयरिश होते. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर त्यांतले कितीतरी जण पेन्शन घेऊन गावी परतले. डब्लिनजवळचे किल्मेनम आणि लंडनचे चेल्सी या, नावाने रुग्णालये पण मुळात निवृत्त सैनिकांचे आश्रम असलेल्या संस्थांकडे पेन्शनीचा कारभार असे. प्रत्यक्ष आश्रयाला मोजकेच राहत, बाकीचे घरी राहून पैसे घेत. १८२२ पासून किल्मेनमच्या बाहेरच्या पेन्शनरांची व्यवस्थाही चेल्सीकडे गेली. बटाट्यावर दिवस काढणाऱ्या घरात रोख येणारी ही रक्कम म्हणजे मोठाच आधार. म्हातारा गेला की तोही जाई.

छायाचित्र नसलेल्या त्या काळात माणूस ओळखायचा तो कागदावरच्या वर्णनावरून. सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या दाखल्यावर वय, उंची, वर्ण, डोळ्यांचा व केसांचा रंग, गाव आणि धंदा नोंदलेला असे. आपल्याकडच्या हयातीच्या दाखल्यामागची अडचण इथेही होतीच: समोर उभा आहे तो तोच का? तपकिरी केसांचा, साडेपाच फुटांचा माणूस गावात एकच थोडा असणार!

कायदा मात्र कठोर होता. खोट्या दस्तऐवजाबद्दल फाशीही होत असे, ती १८३७ साली पूर्ण रद्द झाली. हद्दपारी सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्माची असे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या नोंदवहीत कैद्याचे वय, उंची, डोळे, केस आणि अंगावरच्या खुणा पुन्हा टिपल्या जात. पूर्वी सैन्यात राहिलेल्या कैद्याचे वर्णन सरकारने असे दोनदा लिहून ठेवले. वंशावळ शोधणाऱ्याला हे दोन कागद शेजारी ठेवता आले तर फार मोलाचे.

१८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या आयरिश नोंदवह्या १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवाराला लागलेल्या आगीत जळाल्या, ही न भरून येणारी हानी आहे. दयेचे अर्ज मात्र बरेच वाचले. आयर्लंडच्या व्हाइसरॉयला (राजाच्या प्रतिनिधीला) उद्देशून केलेल्या या अर्जांत मुलेबाळे उपाशी असल्याचे सांगून शिक्षा कमी करण्याची विनवणी असते. काहींत बायको एवढेच मागते की नवऱ्याबरोबर मलाही पाठवा.

पुढे पेन्शनरही त्याच वाटेने गेले, पण पहारेकरी म्हणून. जून १८५० मध्ये ‘सिंडियन’ जहाज फ्रीमँटलला ७५ कैदी घेऊन आले, त्यांच्यावर पहारा होता तो पेन्शनर सैनिकांचा. पश्चिम ऑस्ट्रेलियात आलेल्या अशा पहारेकऱ्यांत आयरिशही पुष्कळ होते.