मैदानी खेळाडूंच्या सरावाचे नियोजन (ठाणे–नवी मुंबई)

धावणे, उड्या आणि फेक या प्रकारांतल्या खेळाडूने वर्षभरात कोणत्या दिवशी काय, किती आणि कोणत्या वेगाने करायचे, आणि कोणत्या दिवशी मुळीच काही करायचे नाही, याची आगाऊ आखणी म्हणजे सरावाचे नियोजन. व्याख्येतला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. सराव शरीराला थकवतो. सुधारणा होते ती नंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत. आधीचा थकवा उतरला नसताना पुढचा भार टाकला की वेळ सुधारण्याऐवजी नडगी दुखू लागते.

वर्षाचे टप्पे पाडण्याची पद्धत सोव्हिएत अभ्यासक लेव मात्वेयेव यांनी १९६०च्या दशकात शास्त्रशुद्ध मांडली: आधी पूर्वतयारी, मग स्पर्धाकाळ, मग सैलावण्याचा काळ. तिच्याही आधी जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी ठरावीक अंतर, ठरावीक वेळ आणि ठरावीक विश्रांती असा इंटरव्हल सराव रुजवला. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला आणि तो विक्रम १९५५पर्यंत टिकला. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांची वाट वेगळी होती. त्यांनी ८०० मीटरच्या धावपटूंनाही आधी आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावायला लावले. त्यांचा पीटर स्नेल १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर आणि १९६४च्या टोकियोत ८०० व १५०० मीटर, दोन्ही जिंकला. शाळकरी मुलांना एवढे अंतर झेपणारे नाही, पण आधी पाया आणि मग वेग हा क्रम त्यांनाही लागू पडतो.

ठाणे आणि नवी मुंबईत हा क्रम पाऊस, शालेय स्पर्धा आणि परीक्षा यांच्यात बसवावा लागतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय मैदानी स्पर्धा पावसाळा सरत आला की सुरू होतात आणि महापालिका किंवा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. म्हणजे पाया भरायचे महिने नेमके जून ते ऑगस्ट, मातीचे मैदान चिखलात असतानाचे. मुले मोकळी असतात ती मे महिन्यात, म्हणून पुष्कळ शिबिरांत मेमध्येच सगळा जोर लावला जातो. ती मुले महापालिकेच्या फेरीत चमकतात आणि विभागाच्या फेरीपर्यंत विझलेली असतात. मे महिना तंत्र, लवचीकता आणि हळूहळू वाढत्या अंतरासाठी राखलेला बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या खेळाडूला आठवड्यातून तीनदा अर्ध्या तासाची हलकी धाव पुरते. पाया टिकतो आणि अभ्यासात डोकेही ताजे राहते.

पावसातला सराव हा इथल्या प्रशिक्षकांच्या कल्पकतेचा प्रांत आहे. लांब धावेसाठी पाम बीच रोडची कडा, चढासाठी येऊर किंवा खारघरच्या टेकडीचा रस्ता, ताकदीसाठी स्टेडियमच्या किंवा शाळेच्या पायऱ्या. येऊरच्या चढावर ८० ते १०० मीटरच्या सहा-आठ धावा आणि चालत उतरणे, हा वेगवान धावपटूलाही चांगला पाया. उतारावर मात्र पळू देऊ नये, ओल्या रस्त्यावर गुडघा आणि घोटा दोन्ही जातात. वीज कडाडू लागली की सराव तिथेच थांबवायचा. फेकीच्या खेळाडूंनी वर्तुळ ओले असेल तर वजने उचलावीत आणि मेडिसिन बॉल (जड भरीव चेंडू) फेकावा. मातीवर वाढलेली मुले एकदम सिंथेटिक ट्रॅकवर आणली की नडगी तक्रार करते. पहिले दोन आठवडे स्पाइक्सशिवाय (खिळ्यांच्या बुटांशिवाय) आणि अंतर कमी, एवढे पथ्य पाळले तर पुष्कळ त्रास वाचतो.

आता एकच सत्र जवळून पाहू. सप्टेंबरमधला मंगळवार, पहाटेचे पावणेसहा. १७ वर्षांखालील गटातली, ४०० मीटर ६२ सेकंदांत धावणारी मुलगी. दहा-बारा मिनिटे सैल धाव, सांधे मोकळे करणे, गुडघे उचलण्याची ड्रिल्स, वाढत्या वेगाच्या चार स्ट्राइड्स (लांब पावलांच्या छोट्या धावा). मग २०० मीटर पाच वेळा, प्रत्येकी ३३ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटे चालत विश्रांती. पहिल्या दोन धावा सहज होतात. तिसऱ्यात खांदे वर चढू लागतात. चौथीत पावलांचा आवाज बदलतो, टपटप ऐवजी थापथाप येऊ लागते, आणि घड्याळ ३५ दाखवते. अनुभवी प्रशिक्षक पाचवी धाव रद्द करतो. वहीत पाच लिहिले होते म्हणून पाच पळवणे ही वहीची सेवा झाली, मुलीची नव्हे. शेवटी दहा मिनिटे हळू धाव, पाणी, केळे. दुसऱ्या दिवशी हलकी धाव किंवा सुट्टी.

वहीत वेळेबरोबर आणखी तीन नोंदी हव्यात: झोप किती झाली, उठल्याउठल्या नाडीचे ठोके किती, कुठे दुखते का. ठोके नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असतील तर त्या दिवशीचा कडक सराव पुढे ढकलावा. दिव्याहून किंवा कळव्याहून गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने येणारे, दप्तर आणि किट दोन्ही वाहणारे मूल मैदानात पाय ठेवण्याआधीच थोडे दमलेले असते. तो प्रवासही भारात धरायला हवा, आणि घरी साडेचारला उठणाऱ्या मुलाला रात्री क्लासहून यायला किती वाजतात हे पालकांना विचारायला हवे. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड व्हायला वेळ लागतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये धावांमधली विश्रांती घड्याळापेक्षा श्वासावरून मोजावी. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले की पुढची धाव.

गोळाफेकीत वयानुसार वजन पाळणे आवश्यक आहे: पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा, तर १८ वर्षांखालील मुलांचा ५ आणि मुलींचा ३ किलोचा. ताकद लवकर यावी म्हणून मोठ्यांचा गोळा हातात दिला की खांदा आणि तंत्र दोन्ही बिघडते.

स्पर्धेआधीच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर येते, वेग तोच राहतो. आदल्या दिवशी वीस मिनिटांची सैल धाव, चार स्ट्राइड्स, स्पाइक्सच्या खिळ्यांची तपासणी, चेस्ट नंबरसाठी चार पिना पिशवीत, आणि नऊच्या आत झोप.